टोळांचा उपदेश

पाळकसाहेबांचा आवाज ही साऱ्या ख्रिस्ती मंडळीची मालमत्ता होती. सभागृहात माइक होता, पण तो कपाटात धूळ खात पडलेला असे, कारण त्यांना त्याची गरजच नव्हती. ते उभे राहून पहिलं वाक्य बोलले की शेवटच्या बाकावर पेंगणारी माणसं सावरून बसत. लग्नात त्यांनी आशीर्वाद दिला की नवरदेवाला घाम फुटे, आणि दफनाच्या वेळी ते बोलले की मयताशी वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या पुतण्यालाही हुंदका येई. आपल्या आवाजाचा त्यांना अभिमान होता. नम्रतेवर ते दरवर्षी एक उपदेश करत, तोही त्याच आवाजात.

दरवर्षी मंडळीत भविष्यवाणीचा आठवडा असे. सुरुवातीचे दिवस श्वापदं, शिंगं आणि राज्यं यांत जात, आणि शेवटच्या संध्याकाळी येत टोळ. पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, शेवटच्या पुस्तकात, नवव्या अध्यायात, एक अथांग विवर उघडतं. त्यातून धूर निघतो, सूर्य झाकोळतो आणि धुरातून टोळांची फौज बाहेर पडते. पाळकसाहेब हा धूर असा उभा करत की पुढच्या बाकावरच्या आजीबाई नाकाला रुमाल लावत. मग आवाज अगदी तळाला नेऊन ते सांगत, की धूर म्हणजे वाळवंटातून उठलेला इस्लाम आणि टोळ म्हणजे त्याचे घोडेस्वार. माणसांसारखे चेहरे, बायकांसारखे केस, डोक्यावर मुकुटासारखं काहीतरी. एकेक खूण ते जुळवून दाखवत. टोळांच्या छळाचे जे पाच महिने सांगितलेत, त्यांतल्या एकेका दिवसाचं वर्ष करून ती वर्षं इतिहासाच्या तारखांना नेऊन चिकटवत. यातलं काही त्यांच्या पदरचं नव्हतं. शेकडो वर्षांपूर्वीचे दूरदूरचे पंडित हेच सांगून गेले होते आणि त्यांच्या गुरूंनी त्यांना तेच शिकवलं होतं. पाळकसाहेब कधी कुठल्या मुसलमानाशी वाईट वागल्याचं कुणी सांगू शकलं नसतं. चांगलं वागल्याचंही सांगू शकलं नसतं म्हणा, कारण त्यांचा कधी कुणाशी संबंधच आला नव्हता.

मग त्यांच्या गळ्याला गाठ आली. शस्त्रक्रिया झाली, गाठ साधी निघाली, सगळ्यांनी देवाचे आभार मानले. पण ती गाठ आवाजाच्या नसेला इतकी बिलगून बसली होती की ती काढताना नस दुखावली. असं होऊ शकतं, हे सर्जनने आधीच सांगितलं होतं. आधी सांगितलं म्हणून दुःख काही कमी होत नाही. पाळकसाहेब शुद्धीवर आले आणि बायकोला हाक मारायला गेले, तर तोंडातून नुसती हवा निघाली.

घरी आल्यावर तर त्यांची पार दैना झाली. पाळकबाई शेजारच्या खुर्चीवर बसूनही "काय म्हणालात?" असं विचारायच्या. फोन आला की ते घाईघाईने मुलाच्या हातात द्यायचे. रविवारी त्यांच्या जागी पाहुणा पाळक येऊन बोलून जायचा आणि पाळकसाहेब पहिल्या बाकावर हात जोडून बसायचे. लोक त्यांच्याकडे बघून मान हलवायचे, त्या सहानुभूतीने ते आणखी खचायचे. आवाज परत आला नाही तर आपण उरतो तरी कोण, हा प्रश्न त्यांनी कुणाला बोलून दाखवला नाही. बोलून दाखवायची सोयही नव्हती.

अशा वेळी मंडळीचे कारभारी धावून आले. त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं, म्हणून सगळे त्यांना हार्डवेअरवालेच म्हणत. इस्पितळात आवाजाचे व्यायाम शिकवतात, ही बातमी त्यांनीच काढली आणि न्यायची-आणायची जबाबदारीही आपणहून घेतली. दुकानाच्या गाडीत पाइप आणि रंगाचे डबे यांच्या मधल्या जागेत पाळकसाहेब आणि पाळकबाई बसायचे. हार्डवेअरवाले गाडी हाकता हाकता धीर द्यायचे की काही काळजी करू नका, भविष्यवाणीच्या आठवड्यापर्यंत तुम्ही टोळ घेऊन उभे राहणार म्हणजे राहणार.

स्पीच थेरपिस्टची खोली तळमजल्यावर, एक्स-रेच्या बाजूला होती. दार उघडलं तर आत टेबलामागे एक तरुण मुलगी, पायात धावायचे बूट, आणि केस पूर्ण झाकणारा फिकट निळा स्कार्फ. पाळकसाहेब दारातच थबकले. पाळकबाईंनी त्यांना मागून कोपराने ढोसलं, तेव्हा ते आत गेले.

मुलगी भरभर बोलणारी होती. एका बाजूचा स्वरतंतू हलत नाही, तेव्हा दुसऱ्याला थोडी जास्त मेहनत करायला शिकवायचं, असं तिने चित्र काढून समजावलं. मग पाण्याचा ग्लास आणि स्ट्रॉ पुढे ठेवला. स्ट्रॉ तोंडात धरून पाण्यात फुगे काढायचे आणि काढता काढता 'ऊ' म्हणायचं. ज्यांच्या आवाजाने सभागृहाच्या खिडक्या थरथरायच्या, ते पाळकसाहेब ग्लासात वाकून बुडबुडे काढू लागले. पाळकबाईंना हसू आवरेना. त्या तोंड फिरवून भिंतीवरचा कानाचा तक्ता वाचू लागल्या.

तेवढ्यात मुलीने विचारलं, की काकांच्या जुन्या आवाजाचं काही रेकॉर्डिंग आहे का. आवाज कसा होता ते ऐकल्याशिवाय कुठे पोचायचं ते कळत नाही, म्हणून ती प्रत्येक पेशंटकडून ते मागून घेते. पाळकबाई म्हणाल्या, आहे ना, मुलाला पाठवायला सांगते. पाळकसाहेबांचं लक्ष बुडबुड्यांत होतं, त्यामुळे या बोलण्यातला एक शब्द त्यांच्या कानावर गेला नाही.

तिथून खरी मेहनत सुरू झाली. हनुवटी छातीकडे, मान एका बाजूला, खांदे सैल. ओठ मिटून 'म्' असा गुणगुणायचा की नाकाच्या शेंड्याला कंप जाणवला पाहिजे. पाळकसाहेब न्हाणीघरात गुणगुणत, जिन्यात गुणगुणत, इतके की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी फ्रिज बिघडला म्हणून मेकॅनिकला बोलावलं. ती मुलगी चिवट होती. जमलं नाही तर रागावत नसे, पण सोडतही नसे. "परत," एवढंच म्हणायची. आणि एका सकाळी त्या 'म्' मधून खरखरीत का होईना, पण खराखुरा आवाज निघाला. पाळकसाहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मुलीने टेबलावरचा टिश्यूचा डबा त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "परत."

मग ती म्हणाली की आता वाचन सुरू करू, तुम्हाला तोंडपाठ असेल असा मजकूर आणा, म्हणजे डोकं शब्दांत न गुंतता श्वासाकडे लक्ष देता येतं. इथे पाळकसाहेबांची पंचाईत झाली. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, श्वासांसकट तोंडपाठ, असं त्यांच्याकडे एकच होतं, ते म्हणजे टोळ. आता ते या मुलीसमोर, या स्कार्फसमोर कसं वाचायचं? त्यांनी रात्री जेवण झाल्यावर शास्त्र उघडलं आणि तिला लागणार नाही असं काहीतरी शोधायला बसले.

शोधता शोधता ते पार पहिल्या पुस्तकापर्यंत मागे गेले. तिथे हागार होती, अब्राहामाच्या घरातली दासी, आणि तिचा मुलगा इश्माएल. मुसलमान ज्याला आपला पूर्वज मानतात, तोच. दोघांना घरातून काढून दिलेलं आहे. वाळवंटात पाणी संपतं, तेव्हा आई मुलाला झुडपाखाली टाकून लांब जाऊन बसते, कारण त्याला मरताना बघवणार नाही. मूल रडतं आणि देव त्याचा आवाज ऐकतो. मग वचन देतो, की याचं मी मोठं राष्ट्र करीन. पाळकसाहेबांनी हा उतारा आयुष्यात कितीदा तरी वाचला होता. पण घशातून आवाज निघत नसताना, देवाने कुणाचा तरी आवाज ऐकला हे वाचणं वेगळंच होतं. या लोकांविषयीचं पहिलं भविष्य इथे लिहिलेलं आहे आणि ते वचन आहे, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी त्याला कधी आठवड्यातला एखादा वार दिला नव्हता, इतकंच.

त्यांनी तोच उतारा नेला. मुलीने कुठे श्वास घ्यायचा तिथे पेन्सिलने रेघा मारून दिल्या. मजकुराबद्दल ती फक्त एकदा म्हणाली, "ही बाई आमच्याकडेही आहे." आणि लगेच पुढच्या रेघेवर बोट ठेवलं.

भविष्यवाणीचा आठवडा जवळ आला तसा आवाज भरत गेला. पहिल्यासारखा नाही, थोडा खडबडीत, पण आवाज. हार्डवेअरवाल्यांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी फलक छापून सभागृहाच्या दारावर लावलाही: पाळकसाहेब परत येत आहेत, टोळांचा उपदेश, सर्वांनी यावे. शेजारच्या मंडळ्यांना निरोप गेले. पाळकसाहेबांना ते बघून बरं वाटलं, तरी दारातून आत जाताना ते फलकाकडे बघायचं टाळू लागले. का टाळतो, हे त्यांना नीट कळलं नाही.

ते कळलं शेवटच्या भेटीत. पाळकबाई त्या दिवशी औषधांच्या रांगेत होत्या. मुलगी म्हणाली, काका, आता फक्त तळाचा सूर राहिलाय, तो तुम्ही घशाने ढकलताय, पूर्वी कसा लावत होता ते ऐका. तिने कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं आणि खोलीत पाळकसाहेबांचा जुना आवाज घुमला. भरदार, मखमली, खाली खाली उतरत जाणारा. तो म्हणत होता की बंधुभगिनींनो, हा धूर कुठून आला, हा धूर वाळवंटातून आला.

"हा बघा तळ," ती पडद्यावरच्या रेषेकडे बोट दाखवत म्हणाली. "किती सहज उतरलाय. आता तुम्ही करा."

पाळकसाहेबांनी हात वर केला, तेव्हा तिने ते बंद केलं. हे तिच्याकडे कसं आलं, असं त्यांनी विचारलं. मुलाने पाठवलं, ती म्हणाली, पहिल्याच आठवड्यात.

"तुम्ही सगळं ऐकलंत?"

"ऐकावंच लागतं, काका. बऱ्याच वेळा."

"आणि तरी…" एवढं बोलून त्यांचा आवाज अडकला. नस बिचारी या वेळी निर्दोष होती.

मुलीने पेन्सिल टेबलावर ठेवली. "पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अर्ध्यात बंद केलं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? घरी होते. उठून सगळी भांडी घासली, स्वच्छ होती तीसुद्धा. आईने विचारलं काय झालं, तिला काही सांगितलं नाही. मग परत लावलं. तुम्ही श्वास कुठे घेता ते शोधायचं होतं. त्यानंतर मी शब्द ऐकायचे सोडून दिले, नुसता आवाज ऐकला. आवाज फार चांगला आहे तुमचा."

पाळकसाहेबांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. ते म्हणाले की मला हे माहीत नव्हतं, आणि आता येत्या आठवड्यात तेच मी परत बोलावं म्हणून लोक वाट बघतायत. हे तिला का सांगितलं, ते त्यांना सांगता आलं नसतं. बहुधा ती नको म्हणेल, रागावेल, म्हणजे आपल्याला काहीतरी धरायला मिळेल, असं वाटलं असावं.

"ते तुमचं तुम्ही बघा," ती शांतपणे म्हणाली. "मी आवाज दुरुस्त करते, काका. मजकूर नाही." मग तिला थोडं हसू आलं. "ईसा, म्हणजे तुमचे येशू, परत येणार हे आमच्यातही मानतात. आई म्हणते, ते आले की कळेलच कुणाचं कुठे चुकलं ते. तोवर तुम्ही खांदे सैल सोडा."

त्यांनी खांदे सैल सोडले. तळाचा सूर लागला.

घरात शिरल्या शिरल्या पाळकसाहेब पाळकबाईंवर घसरले, की जगातली सगळी रेकॉर्डिंग सोडून तीच कशी पाठवलीत. पाळकबाईंनी औषधांची पिशवी टेबलावर ठेवली.

"दुसरी होती कुठे?" त्या म्हणाल्या. "लोक तीच रेकॉर्ड करायचे. आणि तुमचा आवाज तिच्यात सगळ्यात चांगला होता. मी तरी काय करू?"

पाळकसाहेब आपल्या खोलीत जाऊन पुस्तकं काढून बसले. तेच जुने पंडित, तीच भाष्यं. या वेळी त्यांना त्यांत अशा गोष्टी दिसल्या ज्या पूर्वी ते पानं उलटून सोडून देत. एका काळी कुणी मठातल्या संन्याशांनाच टोळ ठरवलं होतं. दुसऱ्या बाजूच्या कुणी त्या संन्याशांविरुद्ध उठलेल्या सुधारकांना टोळांचे म्होरके म्हटलं होतं. ज्याला ज्याची भीती, त्याच्या नावाचे टोळ. आणि सगळ्यांनी खुणा अगदी चपखल जुळवून दाखवल्या होत्या. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. शास्त्रावरचा त्यांचा विश्वास तसूभरही हलला नव्हता. आपण ते बरोबर वाचतो यावरचा मात्र चांगलाच हलला होता, आणि आश्चर्य म्हणजे त्यामुळे त्यांना हलकं वाटत होतं. आवाज परत मिळाला, याबद्दल ते रोज आभार मानत. त्या दिवशी त्यांनी आवाज कुणाच्या हातून मिळाला, याबद्दल आभार मानले. डोळे मिटून, मोठ्याने, तिच्यासाठी आणि तिच्या आईसाठीही.

शेवटची संध्याकाळ आली. सभागृह खचाखच भरलं होतं, मागे माणसं उभी होती. हार्डवेअरवाले नवा कोट घालून दाराशी लोकांचं स्वागत करत होते. त्यांच्याकडे बघून पाळकसाहेबांना वाईट वाटलं. याच माणसाने दुकान बंद ठेवून आपल्याला नेलं-आणलं होतं. त्याला आधी विश्वासात घ्यायचं धैर्य आपल्याला झालं नाही, हे त्यांना बोचत होतं.

ते उभे राहिले. माइक लावू का, असं कुणीतरी हळूच विचारलं, त्यांनी नको म्हटलं. श्वास घेतला आणि पहिलं वाक्य बोलले, तशी सभागृहातून एक सुस्कारा गेला. काहींनी डोळे पुसले. शेवटच्या पुस्तकाऐवजी त्यांनी पहिलं पुस्तक उघडलं, तेव्हा पुढच्या बाकावरच्या आजीबाईंनी तयार ठेवलेला रुमाल गोंधळून पुन्हा पर्समध्ये ठेवला. पेन्सिलच्या प्रत्येक रेघेवर थांबत त्यांनी हागारेची गोष्ट वाचली. मूल रडलं, देवाने त्याचा आवाज ऐकला, इथे येऊन त्यांनी पुस्तकावरून नजर काढली.

"हा आवाज तुम्ही ऐकताय ना," ते म्हणाले, "तो मला एका मुसलमान मुलीने परत दिलाय. माझा सूर सापडावा म्हणून तिने माझा टोळांचा उपदेश पुन्हा पुन्हा ऐकला. तिच्या लोकांना मी काय म्हणत होतो ते ऐकत ऐकत तिने माझा श्वास शोधला. आता तोच आवाज घेऊन मी तोच उपदेश करू शकत नाही. मला तो जमणारच नाही."

मग दाराजवळून हार्डवेअरवाले पुढे आले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण त्यात राग नव्हता. ज्या गोष्टीवर वर्षानुवर्षं भार टाकला ती कुणी अचानक काढून घ्यावी, तसा तो चेहरा होता.

"पाळकसाहेब," ते म्हणाले, "मग टोळ कोण?"

सगळ्या माना पाळकसाहेबांकडे वळल्या. या सभागृहात विचारलेल्या एकाही प्रश्नाला त्यांनी आजवर उत्तराविना परत पाठवलं नव्हतं.

"मला माहीत नाही," पाळकसाहेब म्हणाले.

हार्डवेअरवाल्यांनी कोटाचं बटण काढलं, परत लावलं. आता ते निघून जाणार असं पाळकबाईंना वाटलं. पण त्यांनी मागच्या बाकावर थोडी जागा करून घेतली आणि बसले.

"बरं," ते म्हणाले. "मग त्या पोराचं पुढे काय झालं, ते तरी सांगा."

पाळकसाहेबांनी खांदे सैल सोडले, सावकाश श्वास घेतला आणि पुढची ओळ पुस्तकात न बघता सांगितली.

"देव त्या मुलाबरोबर होता," ते म्हणाले, आणि ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.